हिरवा दोरा आणि झोपलेली बाजू

कॉम्प्युटरचं झाकण उघडलं की तो कुठल्या गावाहून आलाय ते धुळीवरून कळतं. हमरापूरचा असला तर आत पिठासारखी पांढरी माती, आणि पंख्याच्या पात्यावर कुठेतरी गुलाबी नाहीतर सोनेरी शिंतोडा. गणपतीच्या कारखान्यात रंगाचा फवारा चालू असताना शेजारीच कॉम्प्युटर ठेवलेला असतो. खाडीकाठचा असला तर स्क्रूच्या डोक्यावर गंज आणि त्यावर मिठाची बारीक फुलं. रोह्याच्या केमिकल कंपन्यांच्या बाजूचा असला तर धूळ कमी, पण आतली तांब्याची टोकं काळी पडलेली. कोलाडच्या एका खाणावळीतून एक यायचा, त्यात धूळ म्हणून नसायचीच. तेलकट लोकर असायची. तिला ब्लोअर लावला की दुकानभर फोडणीचा वास सुटायचा आणि नंदूदादा म्हणायचे, "शकू, आज जेवायला कोलाडला गेलो काय आपण?"

नंदूदादांचं दुकान पेणच्या बाजारातल्या एका गल्लीत होतं. मी तिथे झाडू मारायला लागले. माझं माहेर गडबचं, खाडीच्या बाजूला. वडील मिठागरावर होते. शाळा चौथीपर्यंत झाली, कारण पाचवीची शाळा लांब होती आणि मिठागरावर हात कमी पडत होते. लग्न होऊन पेणला आले. दुकानात केर काढता काढता टेबलावरच्या उघड्या कॉम्प्युटरचीही धूळ काढायला लागले. दादांनी बघितलं, ओरडले नाहीत. मऊ ब्रश हातात दिला आणि कुठे लावायचा, कुठे लावायचा नाही ते दाखवलं. त्या ब्रशावर मी त्या दुकानात केस पांढरे केले.

दिवाळी अंकात नोकरीतले अनुभव लिहिणारे असतात, कुणी पोलीस, कुणी नर्स, कुणी पोस्टातले. मी ते आवडीने वाचते. मला चार माणसांत बोलायला जमत नाही, गिऱ्हाईक आलं की मी आतल्या टेबलाशी जायची. पण हे मी घरात बसून, माझ्यापुरतं लिहिते आहे, म्हणून जमतंय.

आमच्या दुकानाचं एक काम असं होतं, की ते काय आहे ते बाहेरच्या माणसाला आधी सांगावं लागतं. कॉम्प्युटर चालतो तो आतल्या एका मुख्य व्यवस्थेवर. बहुतेक घरांत ती विंडोज असते. कॉम्प्युटर जुना झाला की नवं विंडोज त्याला झेपत नाही, आणि जुन्यावर नव्या काळातली कामं होत नाहीत. अशा वेळी दादा त्याच कॉम्प्युटरवर लिनक्स नावाची दुसरी व्यवस्था घालून द्यायचे. ती जगभरच्या माणसांनी मिळून बनवलेली असते आणि कुणालाही घेता येते. मी तिला फुकटची म्हणायची. दादा म्हणायचे, "फुकटची म्हणू नको. खुली म्हण. हिच्या आतलं सगळं बघता येतं. ज्याला येतं तो दुरुस्त करतो आणि परत सगळ्यांना देतो."

आधीचं विंडोज पुसायचं नाही आणि शेजारी लिनक्स बसवायचं, असंही करता येतं. आमच्याकडे भाऊ वेगळे झाले तरी पुष्कळदा घर एकच राहतं. मधे कूड, म्हणजे काठ्यांची भिंत, घालतात आणि दोन चुली होतात. कॉम्प्युटरच्या डिस्कचंही तसंच. मधे कूड घालायचा, एका बाजूला विंडोज, दुसऱ्या बाजूला लिनक्स. कॉम्प्युटर चालू केला की आधी काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात, कुठल्या बाजूला जायचं ते विचारतात. थोडा वेळ वाट बघतात, तुम्ही काहीच दाबलं नाही तर आपणच एका बाजूला शिरतात. कोलाडच्या खाणावळवाल्यांचं तेवढ्यात व्हायचं काय, तर बटण दाबून ते पोऱ्यावर ओरडायला वळायचे आणि वळून बघेपर्यंत दुसरंच घर उघडलेलं असायचं. रोज फोन. "नंदूशेट, आज परत शेजाऱ्याच्या घरात शिरलो. ही बाई काय माझी नाय." दादांनी शेवटी ती थांबायची वेळ वाढवून दिली.

लिनक्स एक नसतं, पुष्कळ असतात. कुठलं कुठल्या घराला बसवायचं ही खरी निवड. नावं सगळी इंग्रजी, मला लक्षात राहायची नाहीत, म्हणून मी पेन ड्राइव्हना दोरे बांधले होते. लाल दोऱ्यातलं दिसायला सगळ्यात देखणं, पण जड. पिवळ्यातलं अगदी हलकं, मरायला टेकलेल्या कॉम्प्युटरवरही पळायचं, पण मराठीत अर्धवट. हिरव्यातलं मधलं. दादाही पुढे पुढे गिऱ्हाइकाशी बोलताना "तुम्हाला हिरवा दोरा बरा पडेल" असंच म्हणायला लागले.

पण हे दादा बघितल्याशिवाय आधीच सांगायचे नाहीत. त्यांची रीत वेगळी होती. लिनक्स डिस्कला हात न लावता नुसत्या पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येतं. दादा गिऱ्हाइकाच्या घरी जायचे, एकेक दोरा लावायचे आणि घरात कॉम्प्युटर जो खरंच वापरणार त्याला खुर्चीत बसवायचे. त्याने आपली रोजची कामं करायची. आम्ही काही बोलायचं नाही. शिकवायचं नाही, सुचवायचं नाही. मी बाजूला बसून फक्त हाताकडे बघायचं. हात कुठे थांबतो, कुठे मागे येतो, कुठे नुसताच फिरत राहतो, ते लक्षात ठेवायचं आणि परत येताना दादांना सांगायचं. ज्यात हात सगळ्यात कमी अडतो, ती व्यवस्था त्या घराची. "तोंडाने माणूस बरंच आहे म्हणतो," दादा म्हणायचे, "हात खोटं बोलत नाही." मी गप्प राहते म्हणून ह्या कामाला मला नेत. गप्प राहण्याचा पगार मिळालेली मी एकटीच असेन.

रोह्याच्या एस्तेरमावशींकडे आम्ही असेच गेलो.

मावशी कोकणातल्या इस्रायली, म्हणजे ज्यू लोकांपैकी. पूर्वी त्यांची रोह्याच्या बाजूला पुष्कळ घरं होती. आता बहुतेक माणसं इस्रायलला गेलीत. मावशींची मुलगीही तिकडेच. मागे मावशी आणि त्यांचे यजमान सॅम्युअलकाका राहिले होते. काका जाऊन दोनेक वर्षं झाली होती. मुलगी मोबाइलवर दिसायची, पण मावशींच्या डोळ्यांना तो पडदा पुरत नव्हता. काकांचा कॉम्प्युटर घरात होता, त्यावर मुलगी, नातवंडं मोठी दिसतील, एवढंच त्यांना हवं होतं. फोनवर त्यांनी एक अट आधीच सांगितली होती, "यंत्र घरातनं हलणार नाय. तुम्ही इथं या. नि त्याचं आतलं काय एक पुसायचं नाय."

काकांचं आतलं म्हणजे कीर्तनं. ह्या लोकांची मराठी कीर्तनं असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. जुन्या राजांच्या, नबींच्या म्हणजे त्यांच्या प्रेषितांच्या गोष्टी, आपल्या कीर्तनासारख्याच चालींवर. म्हाताऱ्या माणसांना पाठ असायची. ती माणसं एकेक करून गेली. काकांनी गावोगाव फिरून, ऐकून, ती सगळी कॉम्प्युटरवर टाइप केली होती. दुसरीकडे कुठे ती एकत्र नव्हती.

"आमच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात," मावशी म्हणाल्या. "आता सणालापण जमत नायत. तो म्हणायचा, माणसं नायत तर नायत, शब्द तरी जमवून ठेवू."

मी कॉम्प्युटरचं झाकण उघडलं. धूळ वेगळीच होती. बारीक, काळी, बोटाला चिकटणारी. मी वर बघितलं तर छताला काचेचा पेला टांगलेला, त्यात खाली पाणी, वर खोबरेल.

"काजळी हाय ती," मावशी म्हणाल्या. "शुक्रवारचा दिवा. यंत्राला लागते काय?"

मी मान हलवली. दादा म्हणाले, "मावशी, आमची शकू मानेनेच बोलते."

"बरं हाय. आमच्या घरात बोलणारा गेला, ऐकणारी आली."

मग एकेक दोरा लावला. लाल लावल्यावर पडदा सुंदर आला, पण पंखा गिरणीसारखा ओरडायला लागला आणि बाण हलवला की मागून सावकाश यायचा. मावशी थोडा वेळ वाट बघत बसल्या. "हे धापा टाकतंय गो. ह्याला नि मला एकच दुखणं." पिवळा पटकन उघडला. त्यात मावशींचा हात तीनदा मागे आला, तिन्ही वेळा मराठीच्या मधेच इंग्रजी पाटी आली तिथे. मग हिरवा. अक्षरं मोठी करता आली. ‘उघडा’, ‘जतन करा’, ‘मागे जा’ असं सगळं सरळ मराठीत होतं. मला ह्या शब्दांचं नेहमी नवल वाटत आलंय. कुणीतरी, कुठेतरी, पैसे न घेता बसून एकेक पाटी मराठी केली असेल, आणि ती वाचणारी चौथी शिकलेली बाई कोण ते त्याला कधी कळणार नाही.

हिरव्यावर मुलीला फोन लागला. पडदाभर मुलगी आली.

"आई, मागे सरक. नुसतं कपाळ दिसतंय तुझं."

"तू जेवलीस काय?"

"आई, तू मागे सरक आधी."

मावशी सरकल्या नाहीत. त्या आणखी पुढे गेल्या आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हिला केस पिकायला लागले."

दादांनी माझ्याकडे बघितलं. सांगायची गरजच नव्हती. हिरवा.

फोन झाल्यावर मावशींनी काकांची कीर्तनं उघडायला सांगितली. उघडली, तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि खुणांचा कचरा. मावशींचा हात एकदम छातीशी गेला.

"कुठं गेलं त्याचं?"

"कुठे नाही गेलं, मावशी," दादा म्हणाले. "काका जुन्या पद्धतीच्या मराठीत टाइप करायचे. ते फक्त त्यांच्या विंडोजवरच्या त्या प्रोग्रॅममध्ये दिसतं. म्हणून तर त्यांची बाजू ठेवायची आणि तुमची शेजारी करायची."

"म्हंजे अर्धं त्याचं, अर्धं माझं."

"व्हय."

"चालेल. तसं होतंच आमचं."

दादांनी हिरवा दोरा डिस्कवर बसवायला घेतला. आधी कूड घालायचा, म्हणजे काकांची बाजू थोडी आवळून जागा करायची. यंत्राने ते करायला नकार दिला. इंग्रजीत चार ओळी आल्या आणि पुढचं बटण फिकं पडलं. दादांनी त्या वाचल्या, परत वाचल्या, आणि खुर्ची मागे घेतली.

"मावशी, काकांनी विंडोज बंद नाही केलेलं. झोपवून ठेवलंय."

विंडोजची एक झोप अशी असते, की त्या वेळी डोक्यात जे जे चाललंय ते सगळं डिस्कवर लिहून ठेवून ते वीज सोडून देतं. मग प्लग काढा, वर्षं जाऊ द्या, उठवलं की होतं तसं समोर येतं. पण तोवर त्या डिस्कवर कूडबीड घालायचा नाही. झोपलेल्या माणसाच्या अंगाखालची चटई कापल्यासारखं होतं ते. हिरवा दोरा तेच सांगत होता, आत कुणी झोपलंय, मी हात लावणार नाही.

मावशी पलंगाच्या कडेवर बसल्या. मग त्यांनी सांगितलं ते असं.

"आम्ही शनवारी बटण दाबत नाय. तो आमचा विसाव्याचा वार, शुक्रवारी दिवा लागला की सुरू होतो. शुक्रवारी दिवा लागायच्या आत सगळं उरकायचं. त्या दिवशी हा टाइप करत बसलेला. मी आतनं हाक मारली, किती येळ, दिवा लावायचाय. म्हणाला, एवढी ओळ. मी म्हटलं, ओळ काय पळून जात नाय. तर हसला. म्हणाला, बरं बाई, झोपवतो ह्याला, उद्या रात्री उठवू." त्यांनी खुर्चीकडे बघितलं. "शनवारी दुपारी गेला. खुर्चीत बसल्या बसल्या. मी घाई केली म्हणून ती ओळ राहिली."

मग मावशींनी विचारलं, "आता काय करायचं असतं?"

"दोन मार्ग आहेत," दादा म्हणाले. "मला जबरदस्तीने झोप मोडता येते. काकांनी आधी जतन केलेलं राहील, त्या दिवशी उघडं असलेलं जाईल. नाहीतर विंडोज उठवायचं, जे समोर येईल ते जतन करायचं आणि नीट बंद करायचं. मग कूड घालता येईल."

"नि बंद कोण करणार?"

दादांनी खुर्ची मावशींकडे वळवली.

"म्हंजे मीच," मावशी म्हणाल्या. "आज नको."

आम्ही सामान आवरलं. परतताना गाडीने नागोठणं मागे टाकलं. मग दादा म्हणाले, "शकू, कॉम्प्युटर आपण पेणला आणला असता तर पहिलं काय केलं असतं?"

मला माहीत होतं. जुन्या कॉम्प्युटरमध्ये दुकानात आम्ही आधी मेमरीचा तुकडा वाढवायचो. मेमरी बदलली की ती झोप मोडते. आतलं पान गेलं असतं आणि आम्हाला कळलंही नसतं. मावशींनी यंत्र हलवू दिलं नाही, आणि दादांची आधी दोरा लावून बघायची रीत होती, म्हणून ते राहिलं.

"ह्याच्या आधी किती जणांचं काय काय झोपलेलं असेल कुणास ठाऊक," दादा म्हणाले. दुकानाच्या पहिल्या वर्षांत आम्ही जुनं सरसकट पुसायचो. लोकच म्हणायचे, पुसा, काय नाय त्यात. ती एक गोष्ट अजून कधी कधी मनात येते.

बरेच दिवस मावशींचा फोन आला नाही. मुलीचा फोन मात्र दुकानात आला, आईला समजवा म्हणून. दादा तिला म्हणाले, "ताई, हे समजवायचं काम नाही. त्यांचं यंत्र आहे, त्या सांगतील तेव्हा." मला दादांचं हे फार आवडायचं. गिऱ्हाइकाला घाई असली तरी ते यंत्राला घाई करत नसत, आणि गिऱ्हाइकाला घाई नसली तर त्यालाही करत नसत.

एका दुपारी फोन वाजला. दादांनी घेतला, ऐकला आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला. "तुझ्यासाठी आहे."

दुकानात मला कधी फोन येत नसे.

"शकू, तू ये," मावशी म्हणाल्या. "दादाला नको आणू. तो चांगला हाय, पण तो सांगेल. तू सांगत नायस."

मी दादांकडे बघितलं. मी एकटी कधी कुणाच्या घरी कामाला गेले नव्हते. दादा म्हणाले, "बसवायचं तर तुला तोंडपाठ आहे. अडलं तर फोन कर. फक्त एक लक्षात ठेव. इतक्या दिवसांनी ते कधी कधी उठत नाही. तसं झालं तर मावशींना तोंडाने सांगावं लागेल, मानेने चालणार नाही. सांगशील?"

मी म्हटलं, "सांगेन."

एसटीत रोह्यापर्यंत मी तेच वाक्य मनात जुळवत होते. मावशी, ते उठलं नाही. मावशी, ते गेलं. कसंही म्हटलं तरी वाईटच वाटत होतं.

मावशी इस्त्रीची साडी नेसून बसल्या होत्या. कॉम्प्युटरपुढे काकांची खुर्ची ओढलेली होती, त्यांनी स्वतःसाठी स्टूल घेतलं होतं. मला म्हणाल्या, "तू बस खुर्चीत." मी बसले नाही. मग त्याच बसल्या आणि मी स्टुलावर.

त्यांनी बटण दाबलं. पडदा काळा, मग खाली एक पांढरी पट्टी सरकायला लागली. ती मधेच थांबली. मी माझं वाक्य घशापर्यंत आणून ठेवलं. मावशी पट्टीकडे बघत नव्हत्या, छताच्या दिव्याकडे बघत होत्या. पट्टी परत सरकली आणि पान समोर आलं.

मराठीतलं पान. वर ओळीखाली ओळी, आणि खाली एक ओळ मधेच तुटलेली. तिच्यापुढे उभी रेघ चमकत होती, विझत होती, चमकत होती. जणू काका पाणी प्यायला आत गेलेत.

मावशींनी वरपासून वाचलं. ओठ हलत होते. मधे मधे चाल लागायची आणि बोटं गुडघ्यावर ठेका धरायची. तुटलेल्या ओळीपर्यंत आल्या आणि तिथे न थांबता पुढची अर्धी ओळ म्हणून गेल्या.

मी म्हटलं, "मावशी, पुढचं तुम्हाला येतं. सांगा, मी घालते." इतकं लांब वाक्य मी गिऱ्हाइकाशी पहिल्यांदा बोलले होते.

त्यांनी विचार केला. "नको. पुरी केली तर वाटेल त्यानंच केली. तशीच राहू दे. इथं त्याला हाक मारली, हे राहिलं पायजे."

जतन कुठे करायचं ते मी बोटाने दाखवलं, त्यांनी केलं. मग मी सगळी कीर्तनं एकेक उघडून त्यांची चित्रासारखी पानं करून घेतली. तशी केली की अक्षरं मोडत नाहीत, कुठल्याही बाजूवर, कुठल्याही देशात वाचता येतात. त्यात दुपार गेली. मावशी मधे चहा करून आल्या, प्रत्येक कीर्तन उघडलं की ते कुठल्या गावच्या कुणाकडून आणलं ते सांगत गेल्या. हा चाल विसरायचा, ही मधेच रडायची, ह्याच्याकडे गेले तर जेवल्याशिवाय सोडायचा नाही. सॅम्युअलकाकांनी किती उन्हं अंगावर घेतली होती ते त्या दुपारी मला कळलं.

मग बंद करायचं राहिलं. मी बटण कुठे आहे ते दाखवलं. बाण त्या बटणावर गेला आणि मावशींचा हात थांबला.

हात कुठे अडतो ते दादांना सांगायचं, हे माझं काम होतं. त्या दिवशी तो हात तिथे किती वेळ अडला, ते मी दादांना सांगितलं नाही.

त्यांनी दाबलं. पडद्यावर इंग्रजीत बंद होत असल्याचं आलं, मग पडदा काळा झाला. आतला पंखा थांबत थांबत थांबला. मावशी म्हणाल्या, "आता जा तू." माझ्याकडे बघून नव्हे, काळ्या पडद्याकडे बघून.

नंतर हिरव्या दोऱ्याने काही नकार दिला नाही. कूड घातला गेला, शेजारची बाजू बसली. चालू करताना त्या दोन ओळी येतात, त्यांची नावं मावशींनी बदलून मागितली. दादांनी फोनवर सांगितलं तसं मी एकेक अक्षर घातलं. वरची ओळ सॅम्युअल, खालची एस्तेर, इंग्रजी अक्षरांत. मग मावशींनी चालू करून बघितलं आणि त्या ओळींखालचे आकडे उलटे मोजले जाताना त्यांना दिसले.

"हे काय मोजतंय?"

"थोडा वेळ थांबतं. मग आपणच एका बाजूला जातं."

"काढ ते. मला घाई नको."

काढता येतं. तेव्हापासून त्यांचा कॉम्प्युटर त्या दोन नावांवर येऊन उभा राहतो आणि कितीही वेळ उभाच राहतो. खाणावळवाल्यांना दादांनी वेळ वाढवून दिली होती, पण वाट बघायला कायमचं सांगितलेलं आमच्या दुकानाचं हे एकच यंत्र.

आता ते दुकान राहिलं नाही. दादांनी गाळा सोडला, मीही घरी असते. दादांनी जाताना मला एक जुना कॉम्प्युटर दिला. त्यावर मी स्वतः तिन्ही दोरे लावून बघितले, माझ्या हाताकडे मीच बघितलं, आणि हिरवा बसवला. त्याच्यावरच हे लिहिते आहे. हमरापूरची, कोलाडची धूळ आता दुसऱ्या कुणाच्या ब्रशाला लागत असेल. एस्तेरमावशींची काजळी काढायला मात्र मी अजून जाते. त्यांच्या मलिद्याला लागतात म्हणून पेणचे पोहे नेते. नबीच्या नावाने पोह्यांत खोबरं, साखर घालून मावशी तो करतात, आणि मला डबाभर बांधून देतात.

मागच्या वेळी गेले तो शुक्रवार होता. काजळी काढून मी निघतच होते, तर मावशींनी कॉम्प्युटर लावला आणि वरची ओळ निवडली. काकांची बाजू. मला वाटलं चुकून झालं.

"चुकून नाय गो," त्या म्हणाल्या. "दर शुक्रवारी उघडते. तुम्हीच सांगितलंत ना, त्याला झोपवून ठेवायचं नाय, नीट बंद करायचं."

तेच पान उघडलं. तीच तुटलेली ओळ, तीच रेघ. मावशी हात मांडीत ठेवून बसल्या. बाहेर उन्हं कलली होती, दिव्याची वेळ होत आली होती. मीच अस्वस्थ झाले. वात तयार होती, खोबरेलाची बाटली टेबलावर होती, मावशी उठत नव्हत्या. मग एकदाचा त्यांनी बाण नेला, बंद केलं, पंखा पूर्ण थांबेपर्यंत ऐकलं आणि उठल्या.

स्टुलावर चढून दिव्यात तेल घालताना त्या म्हणाल्या, "बघितलंस ना शकू. आज मी त्याला हाक मारली नाय."